पाचवं शील आणि माझं लिव्हर

लिव्हरचं ऑपरेशन झालं माझं आणि लोक भेटायला आले माझ्या नवऱ्याला.

खोटं सांगत नाही. सव्वीस जुलैच्या पुराच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून मला अंबरनाथला घरी आणून दोन दिवस झाले नसतील, तोच हातात सफरचंदांच्या पिशव्या घेऊन माणसं यायला लागली. दारातून आत आली की खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे बघून आवाज खाली आणायची. "कसं वाटतंय आता? झालं ते झालं, आता तरी सोडा हो." नवरा अंगठ्याने आतली खोली दाखवायचा आणि म्हणायचा, "पेशंट आत आहे." आत कॉटवर मी. छातीखालून सरळ उतरलेला आणि मग उजव्या कुशीकडे वळलेला हातभर टाका घेऊन पडलेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

लोकांचा हिशेब साधा होता. लिव्हर म्हणजे दारू. त्या घरात पितो कोण? तो. मग लिव्हर गेलं कोणाचं? त्याचं. डॉक्टर काय सांगतो, कॅन्सर कशाने होतो, याच्याशी कोणाला घेणंदेणं नव्हतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

नवऱ्याला मी तोंडावर अहो-जाहो करते, पण इथे 'तो'च म्हणणार. पंचवीस वर्षं संसार केलाय त्याच्याशी, तेवढा हक्क आहे मला. तो एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत हेल्पर होता. संध्याकाळी साडेसातला स्टेशनकडच्या बारमध्ये बसायचा, एक क्वार्टर संपवायचा आणि घरी येऊन जेवून झोपायचा. मारायचा नाही. आमच्याकडच्या बायका त्याचंही कौतुक करायच्या, "मारत तर नाही ना, मग झालं." अगं बायांनो, न मारणं हा काय गुण झाला? लग्नानंतर पहिल्या वर्षी, पाहुणे आले होते म्हणून, मी एकदाच त्या बारच्या दाराशी त्याला बोलवायला गेले होते. आतले सगळे वळून बघत होते. त्या दिवशी ठरवलं, जीव गेला तरी पुन्हा या दारापाशी उभी राहणार नाही. आणि नाहीच राहिले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं होतं. मला जुनी कावीळ होती म्हणे, बी नावाची, कदाचित लहानपणी कुठल्या सुईतून आलेली. ती आत बसून राहिली होती आणि तिनेच हा कॅन्सरचा उद्योग केला होता. नवऱ्याचा रिपोर्ट आला. डॉक्टर कागद बघत म्हणाले, "यांचं एकदम नॉर्मल आहे." मी म्हटलं, परत बघा. त्यांनी परत बघितलं. "नॉर्मल," ते म्हणाले. आयुष्यात एक थेंब न शिवलेली मी आणि माझं लिव्हर अर्ध्याला अर्धं कापून काढलेलं. आणि हा तिथे खुर्चीत बसून नखं खातोय. मला इतका संताप आला की नर्सने येऊन बीपी बघितलं.

मी उल्हासनगरला, कॅम्प पाचला, जीन्सच्या कारखान्यात चेकर होते. शिवून आलेल्या पँटी उलट्यापालट्या करायच्या, सुटलेले धागे कापायचे, शिलाई वाकडी असेल तर मागे फेकायची. पंधरा वर्षं तेच केलं, म्हणून वाकडं काही दिसलं की माझ्या तोंडून लगेच निघतं. आमच्या सिंधी सेठाणीने फोन केला. "अरे बाई, पीता वो है और लिवर तेरा गया? ये तो उल्टा हो गया!" एवढ्या लोकांत शहाणी म्हणावी अशी ती एकटीच निघाली.

मुलगी सासरी नाशिकला, तिचं बाळ तीन महिन्यांचं. तिला मीच येऊ नको म्हटलं. मग राहिलं कोण? तोच. कंपनीत रजा टाकली आणि घरी बसला. त्याची खिचडी खाल्ली तेव्हा कळलं की ऑपरेशन सोपं होतं. मीठ दोनदा, नाहीतर अजिबात नाही. पाठ पुसायला आला की पाणी गादीवर. मी ओरडायला तोंड उघडायचे आणि बरगडीखालून अशी कळ यायची की शब्द तिथेच गिळायला लागायचा. हे तर सगळ्यात वाईट. ज्या बाईला बोलल्याशिवाय राहवत नाही तिला देवाने नाही, डॉक्टरांनी गप्प केलं. देवबिव मी मानत नाही.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं सगळे सांगायचे. माझी मुंगी दारातच बसून राहिली होती. टाके सुटले, जखम भरली, तीन महिन्यांनी स्कॅन झाला, त्यात काही नाही. लिव्हर परत वाढलंय म्हणाले. पण शिंकलं की कळ. हसलं की कळ. खोल श्वास घेतला की बरगडीखालून सुरी फिरल्यासारखं व्हायचं आणि वर उजवा खांदा ठणकायचा. खांद्याचा काय संबंध, मला विचारू नका. टाक्याच्या कडेची कातडी तर अशी बधिर की चिमटा काढला तरी कळू नये आणि साडीचा काठ घासला की आग व्हावी. डॉक्टरांना म्हटलं, दुखतं. म्हणाले, "नक्की कुठे दुखतं? बोट ठेवून दाखवा." मी इथे ठेवलं, तिथे ठेवलं, जागा सापडेना. त्यांनी स्कॅन खिडकीकडे धरला. "रिपोर्ट क्लीन आहे, ताई. दुखायला तसं काही कारण नाही. चालत राहा." कारण नाही म्हणे! मग मी काय हौस म्हणून कण्हत होते?

नणंद बदलापूरला, कुळगावात राहते. ती वांगणीकडच्या डोंगरातल्या कुठल्या पाड्यावरून काढा घेऊन आली. सोबत एक मुळ्यांची माळ. गळ्यात घाल, जशी कावीळ उतरेल तशी माळ लांब होईल, असं मला बजावून सांगितलं. मी म्हटलं, "वन्सं, जी कावीळ होती ती लिव्हरसकट काढून बादलीत टाकली. आता उतरायला काय राहिलंय?" तर रडायला लागली. मग घातली एक दिवस गळ्यात. माळ लांब झाली, का नाही होणार, दोऱ्याला गाठच सैल मारली होती. काढा मोरीत ओतला. मोरी मात्र स्वच्छ झाली.

तेव्हापासून मी ठरवलं, कोणी विचारलं तर सांगायचं, काही दुखत नाही. "बरी आहे. काहीच त्रास नाही." एवढं म्हटलं की माणसं चहा पिऊन लवकर उठतात. दुखतं म्हटलं की प्रत्येकाची एक आत्या असते आणि ती आत्या शेवटी मेलेलीच असते. नवऱ्यालाही तेच सांगायचे. त्याच्याशी बोलून उपयोग काय?

आता खरी गोष्ट सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

आमच्या भागात एक छोटा विहार आहे, वर पत्रे आणि खाली शहाबादी फरशी. दर पौर्णिमेला संध्याकाळी तिथे वंदना होते. पुढे उभं राहून पंचशील मी म्हणायचे, बाकी सगळे माझ्यामागून. अठरा वर्षं हे काम माझ्याकडे होतं. माझा आवाज खणखणीत आणि पालीचे उच्चार स्वच्छ. आई शिकवून गेली, छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेलेल्या बापाची लेक होती ती. घर माझं नव्हतं, कारखाना सेठचा. हे एक काम माझं होतं.

नवराही यायचा विहारात. मागे चपलांच्या ढिगाजवळ उभा राहायचा. हत्या नाही करणार, चोरी नाही करणार, व्यभिचार नाही, खोटं नाही बोलणार, ही चार शीलं मोठ्याने म्हणायचा. पाचवं दारूचं. तिथे तोंड बंद. लग्नानंतर पहिल्याच पौर्णिमेला मी रस्त्यात त्याला झापलं होतं, की लोकांसमोर गप्प का बसता? तर म्हणाला, "पाचवं म्हटलं तर चौथं मोडतं." हे वाक्य वस्तीभर झालं. माणसं हसायची, कोणी तर त्याला प्रामाणिक म्हणायची. मला मात्र तिथे पुढे उभं राहून, दर पौर्णिमेला, पाठीमागच्या आवाजांतून तो एक आवाज कमी झालेला ऐकू यायचा. अंगाचा तिळपापड व्हायचा. दारू सोडवत नाही ती नाही, वर तत्त्वज्ञान!

ऑपरेशनमुळे चार पौर्णिमा चुकल्या. पाचवीच्या आठ दिवस आधी महिला मंडळाच्या अध्यक्षा घरी आल्या. जय भीम झालं, चहा झाला. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही आता आराम करा. पंचशील यापुढे दुसरं कोणीतरी म्हणेल." मी म्हटलं, आराम झाला, मी येते. त्या चहाच्या कपात बघत राहिल्या. "तसं नाही हो ताई... लोक बोलतात."

"काय बोलतात?"

नाही सांगितलं. शेवटी समोरच्या दारातल्या बाईने सांगितलं, भाजी निवडता निवडता. "आम्ही नाही हो म्हणत, पण तुमच्या कचऱ्यात बाटल्या असतात ना. आधी कधी नसायच्या. आणि लिव्हरचं झालंय तुम्हाला. डॉक्टरांनी तुमच्या मिस्टरांचं चांगलं सांगितलं म्हणे. मग लोक म्हणतात, पीत कोण होतं मग?"

मला आधी समजेना. मग समजलं. मला एकटीला सोडून बाहेर जायला नको म्हणून तो पठ्ठ्या गेले चार महिने बारमध्ये जात नव्हता. क्वार्टर घरी आणायचा आणि गॅलरीत बसून प्यायचा. रिकामी बाटली आमच्या कचऱ्याच्या डब्यात. पंचवीस वर्षं बारच्या कचऱ्यात जायची, तेव्हा कोणाला दिसली नाही. आता चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याने माझी सेवा केली आणि दारुडी ठरले मी!

रात्रीच्या जेवणाला मी त्याला सगळं सांगितलं. आवाज चढवता येत नव्हता म्हणून दात आवळून सांगितलं. तो ताटात बघत राहिला. "मी जाऊन सांगतो त्यांना," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही? तोंडाला वास घेऊन जाल आणि माझी बायको पीत नाही म्हणून सांगाल? छान! दिवे लावलेत तेवढे पुरेत."

मी ठरवलं, जायचं. पौर्णिमेला पुढे उभी राहणार आणि पाचवं शील असं म्हणणार की पत्रे वाजले पाहिजेत. निघताना कोणाच्या मनात काही राहता कामा नये. अध्यक्षांना निरोप धाडला, येतेय. त्यांची नाही म्हणायची टाप नव्हती.

अडचण एकच होती. पाचवं शील पाचांत सगळ्यात लांब. पहिला शब्दच आडवातिडवा पसरलेला, एका दमात म्हणायचा. आणि दम तर माझ्याकडे नव्हता. स्वयंपाकघरात ओट्याला धरून सराव सुरू केला. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, कशीबशी जायची. पाचव्याला त्या लांब शब्दाच्या शेवटाशी आले की बरगडीखाली कळ, खांद्यात कळ, आवाज फाटायचा. हात दाबून परत म्हणायचं. परत तिथेच. गॅलरीत तो ग्लास घेऊन बसलेला. रोज संध्याकाळी मी आत दारू पिणार नाही म्हणून घोकत होते आणि तो बाहेर पीत ऐकत होता. कोणी बघितलं असतं तर वेड्यांचं घर म्हटलं असतं.

चौथ्या दिवशी तो गॅलरीतून म्हणाला, "मधे एकदा श्वास घे. तोडून म्हण."

मी म्हटलं, "हेच राहिलं होतं. आता पाचवं शील मी तुमच्याकडून शिकायचं!"

"दुखतं का?"

"काही दुखत नाही," मी म्हटलं.

पौर्णिमेला इस्त्रीची पांढरी साडी नेसले. काठ टाक्याला घासू नये म्हणून आत जुनी मऊ बनियन घातली, त्याचीच. विहारात नेहमीपेक्षा माणसं जास्त होती. वंदनेची एवढी ओढ नव्हती कोणाला, तमाशा बघायला आली होती. मेणबत्त्या लावल्या, फुलं ठेवली. अध्यक्षा माझ्या उजव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या, जरा जास्तच जवळ. मागे वळले तर बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अठरा वर्षं यांना मी उच्चार शिकवले. यांतल्या निम्म्यांना अजून 'समादियामि' नीट म्हणता येत नाही.

बुद्धं सरणंचं तिसरण झालं. पहिलं शील म्हटलं. दुसरं. तिसरं. आवाज चांगला लागला होता, मला स्वतःला बरं वाटलं. चौथं म्हणताना मागून त्याचाही आवाज आला, नेहमीसारखा, चपलांच्या बाजूने.

मग मी पाचव्यासाठी श्वास घेतला. खोल घेतला, गर्वाने घेतला. आणि त्या लांब शब्दाच्या शेवटाशी ती कळ आली. स्वयंपाकघरात आली होती तशी नाही, तिच्या दसपट. मी पोटावर हात दाबून वाकले. तोंड उघडं आणि आवाज नाही.

विहारात चिडीचूप. माझ्यामागून म्हणायला हात जोडून साठ माणसं उभी आणि मी दारूच्या शीलाला अडकलेली. मला मागे वळायची गरजच नव्हती. त्या शांततेत काय चाललंय ते मला पाठीने कळत होतं. बघा, म्हणताच येईना हिला! अध्यक्षांनी घसा साफ केला. आता त्या म्हणणार आणि संपलं. अठरा वर्षं संपली.

तेवढ्यात मागून आवाज आला.

मी जिथे तुटले होते, बरोबर तिथून. पुढचा शब्द, त्याच्या पुढचा, शेवटपर्यंत. घोगरा, बेसूर, पण उच्चार एकूणएक माझे. माझ्याच स्वयंपाकघरातून ऐकलेले. सवयीने साठ तोंडं त्याच्यामागून बोलून गेली आणि मगच त्यांना कळलं आपण कोणामागून काय म्हटलं. माना वळल्या, मीही वळले. तो चपलांच्या ढिगाजवळ हात जोडून उभा होता, डोळे मिटून, कान लाल झालेले. साधु साधु साधु झालं. अध्यक्षांच्या तोंडाचा आ मिटला नव्हता.

माझा फैसला तिथे लागला असेल असं कोणी समजू नका. लोक आहेत ते. घरी जाऊन म्हणाले असतील, दोघांनी मिळून सोडायची ठरवलेली दिसते.

बाहेर पडलो. तो दोन पावलं पुढे, मी मागून, हात बरगडीवर. मी म्हटलं, "काय गरज होती तुम्हाला?"

तो वळला नाही. "चौथं मोडलं. मोडू दे."

स्टेशनकडच्या वळणाशी तो थांबला. साडेसात वाजत आले होते. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने बारच्या दिशेने बघितलं. "तू रिक्षाने पुढे जा," म्हणाला. "भात मी येऊन लावतो."

मला चीड यायला हवी होती. आलीही. पंधरा मिनिटांपूर्वी साठ माणसांसमोर शपथ घेतली आणि चालला. पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "अहो, दुखतं मला. खूप दुखतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पाचव्याचा पहिला शब्द संपतो ना, तिथे."

दोन स्कॅन झाले, चार डॉक्टर झाले, माझं मला बोट ठेवता आलं नाही. आणि या दारुड्याला जागा माहीत होती.

तो बारमध्ये शिरला. रिक्षा समोर उभी होती, मी केली नाही. बारच्या दाराशेजारी केळीवाल्याचं बाकडं आहे, त्यावर बसले. पांढरी साडी, कपाळावर घाम, हात बरगडीवर. विहारातून परतणाऱ्या बायका एकेक करून पुढून जायला लागल्या. अध्यक्षाही आल्या. आधी माझ्याकडे बघितलं, मग बारच्या पाटीकडे, मग परत माझ्याकडे.

"जय भीम," मी म्हटलं. "आमचे हे आत आहेत. त्यांच्यासाठी थांबलेय."